पाहुणा, शेजारी आणि त्रयस्थ

७ जानेवारी

धाकटे,

परवा फोनवर तू म्हणालीस, "कापड आलंय." मला ऐकू आलं, "माकड आलंय." आणि मी विचारलं, "चावलं तर नाही ना?" त्यावर तू किती वेळ हसत होतीस ते मला ऐकू आलं नाही, पण फोन कानाला गुदगुल्या करत होता. तेव्हा आता फोन पुरे. माझ्या कानांनी राजीनामा दिलाय. कागद बरा, जे लिहावं तेच बोलतो.

गुडघा नवा बसवलाय. डॉक्टर खूश आहेत, मी नाही. गुडघा नवा, बाकीची मी जुनी, दोघांचं अजून पटत नाही. त्यात चौथा मजला, आणि लिफ्ट रुसूबाई. मुलगा आणि सूनबाई कामावर गेले की घरात मी, खिडकी आणि समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी. टाकी भरून वाहायला लागली की तेवढीच करमणूक.

पण एक गंमत झाली. दर गुरुवारी खाली एक मोठी गाडी येऊन थांबते. मला वाटायचं भाजीची असेल. सूनबाई म्हणाली, "अहो आई, पुस्तकांची आहे. फिरतं वाचनालय." एक बाईच ती गाडी चालवते आणि पुस्तकंही तीच देते. सूनबाईने माझ्या गुडघ्याचं रडगाणं तिला ऐकवलं असणार, कारण बाई चार जिने चढून, धापा टाकत दारात उभी राहिली आणि म्हणाली, "काय वाचायला आवडतं?"

मी म्हटलं, "बाई, मी जन्मात पुस्तकं उचलली ती पोरांच्या दप्तरात भरायला आणि खालचा केर काढायला."

ती हसली नाही. म्हणाली, "बरं, लोकांची भांडणं बघायला आवडतात? खिडकीतून?"

म्हटलं, ती कुणाला आवडत नाहीत! तर मला एक खुनाची कादंबरी देऊन गेली. लेखकाचं नाव 'पाहुणा'. नुसतं पाहुणा. आडनाव नाही, फोटो नाही.

धाकटे, ती वाचताना माझं दूध उतू गेलं. खुनी मला निम्म्यातच कळला, तरी शेवटपर्यंत सोडवेना, कारण त्या इन्स्पेक्टरची बायको फार झकास बोलते. तू तर पहिल्यापासून वाचणारी. हे नाव कधी ऐकलंयस का? आणि दुकान कसं चाललंय?

थोरली


१६ जानेवारी

जाऊबाई,

माकड चावलं नाही, कापड मात्र रोज चावतंय. शाळेच्या गणवेशांचं आहे, राखाडी, जाड, कात्रीला जुमानत नाही. दुकान चाललंय. मुलं वाढतात, पँटी आखूड होतात, माझं पोट भरतं.

तुम्ही पुस्तक वाचलंत! पत्र मी दोनदा वाचलं, अक्षर तुमचंच आहे ना ते बघायला. एका घरात होतो तेव्हा मी पुस्तक उघडलं की तुम्ही म्हणायचात, "डोळे फोडून घे, मग सुईत दोरा मला ओवावा लागेल."

'पाहुणा' ऐकलाय. जुना लेखक. आता लिहीत नाही बहुतेक. खरं सांगू, त्या खूनबाजीत काही राम नाही. गाडीवाल्या बाईंकडे प्रवासवर्णनं मागा, चरित्रं मागा. कविता मागून बघा.

एक विचारू? खुनी निम्म्यात कसा काय कळला? सहजच विचारतेय. कुठल्या पानावर? काय वाचून? मला वाटतं तो चांगला लपवलेला होता. म्हणजे, असावा.

गुडघ्याला जपा.

धाकटी


२ फेब्रुवारी

धाकटे,

खुनी माळी होता हे कळायला काय डोकं लागतं? इन्स्पेक्टर सगळ्यांवर ओरडतो आणि सगळे उलट ओरडतात. एकटा माळी आपला "हो साहेब, बरं साहेब." निर्दोष माणूस इतका नम्र नसतो. आपल्या घरी यायचे ते पाहुणे आठव. जो जास्त गोड बोलायचा तोच मुक्काम वाढवायचा.

तुझं ऐकून प्रवासवर्णन मागितलं. एक बाप्या बर्फाच्या मुलखात एकटा चालत गेला. पायाची बोटं गोठून गेली, आणि हा आपला आकाशाचा रंग सांगत बसलाय. मी गाडीवालीला विचारलं, "याला ओरडायला घरी कुणी नव्हतं का?" ती म्हणाली, "मागचं पान वाचा." मागच्या पानावर त्याची माहिती होती. घरी बायको, मुली, आणि पुस्तक बायकोलाच अर्पण! तेव्हापासून मी आधी मागचं पान वाचते. धाकटे, पुस्तकामागे एक माणूस बसलेला असतो हे मला या वयात कळतंय. मला वाटायचं, साबणासारखी तीही कुठल्यातरी कारखान्यात तयार होत असतील.

मग ताऱ्यांवरचं एक वाचलं. लिहिणारी बाई स्वतः दुर्बिणीपाशी काम करायची. तिने लिहिलंय की आपल्याला दिसतो तो उजेड कधीच निघालेला असतो, पोचायला वेळ लागतो. हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि टाकीकडे बघत बसले. कवितांचंही एक आणलं. त्यातल्या बऱ्याचशा माझ्या डोक्यावरून गेल्या. एक मात्र दुपारी वाचली आणि संध्याकाळी भांडी घासताना कळली. कळली तेव्हा हातातला चमचा खाली पडला.

पण माझा जीव पाहुण्यावरच. दुसरी कादंबरी आणली. त्यात इन्स्पेक्टर हवालदाराला म्हणतो, "तोंड मिटलं की माशीही आत जात नाही आणि घरची अब्रूही बाहेर पडत नाही." वाचलं आणि मी उडालेच! सासूबाईंचं वाक्य! सकाळ-संध्याकाळ आपल्याला ऐकवायच्या ते! पोलिसाच्या तोंडी कसं शोभतं बघ. सासूबाई चुकीच्या खात्यात जन्मल्या.

हा पाहुणा मला डोळ्यासमोर दिसायला लागलाय. टक्कल, बारीक मिशी, आणि अविवाहित. लग्न झालेल्या माणसाला इतकं निवांत कोण लिहू देतं?

थोरली


१४ फेब्रुवारी

जाऊबाई,

चमचा पडला ते वाचून फार बरं वाटलं. कविता अशीच असते, उशिरा पोचते आणि मग दारातून हलत नाही. त्या कवीचं आणखी काही मिळतंय का बघा.

पाहुण्याचं म्हणाल तर त्याला टक्कल वगैरे नसावं. आणि सासूबाईंच्या वाक्याचं काय घेऊन बसलात, अशी वाक्यं सगळ्याच सासवांच्या तोंडी असतात. मला विचाराल तर त्याचं लिखाण आता शिळं झालंय. वाक्यं बघा ना कशी आखूड, दम लागल्यासारखी. त्यापेक्षा आत्मचरित्रं वाचा. एका शल्यविशारदाचं आहे, चांगलं जाड. जाड पुस्तक मांडीवर असलं की माणूस उगाच उठत नाही, गुडघ्यालाही विश्रांती.

माळ्याच्या नम्रपणाचं तुम्ही म्हणालात ते खरं आहे. हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

धाकटी


८ मार्च

धाकटे,

तुझा राग आलाय. "शिळं झालंय" म्हणे! तू वाचलंस का त्याचं सगळं? न वाचता नावं ठेवू नयेत. तो माणूस तुझं काही खातो का?

बरं, राग गिळते, कारण मला जे सापडलंय ते ऐकलंस तर तू खुर्ची धरून बसशील.

गाडीवालीने भुतांच्या गोष्टी दिल्या. लेखक 'शेजारी'. वाचता वाचता मला वाटायला लागलं, या माणसाला मी ओळखते. याच्याही गोष्टीत खोटं बोलणारा माणूस स्वच्छ टेबल पुन्हा पुसतो. पाहुण्याच्या दोन्ही पुस्तकांत हेच. याच्याही गोष्टीत बायका भांडताना एकीकडे कपड्यांच्या घड्या घालतात. वाक्यं तशीच आखूड. आणि मग एका गोष्टीतलं भूत काय म्हणतं? "तोंड मिटलं की माशीही आत जात नाही..." पुढचं तुला पाठ आहे.

मी गाडीवालीला सांगितलं, पाहुणा आणि शेजारी एकच. ती हरखली. म्हणाली, "काकू, एवढी वर्षं ही पुस्तकं फिरवतेय, माझ्या कधी लक्षात आलं नाही. दोन्ही एकाच छापखान्याची आहेत खरी." आणि तिने छापखान्याचं नाव दाखवलं.

धाकटे, भाऊजी कामाला होते तो छापखाना!

तिथेच माझी ट्यूब पेटली. घरात न बोलणारे आपले भाऊजी. पुस्तकं शिवायची, डिंक लावायचा, संध्याकाळी शाईचे हात घेऊन गुपचूप घरी यायचं. सासूबाईंचं वाक्य दुसऱ्या कुणाला माहीत असणार? अगं बाई, तुझा नवरा लेखक होता!

तुला सांगितलं नाही म्हणून त्यांच्यावर रागावू नकोस. काही माणसांना मनातलं तोंडाने सांगता येत नाही. ते आज असते तर मी त्यांना समोर बसवून विचारलं असतं, माळ्याला खुनी करण्याआधी माझा सल्ला का नाही घेतलात. सावकाश वाच हे. शेजारी कुणीतरी असू दे.

थोरली


२० मार्च

जाऊबाई,

तुमचं पत्र आलं तेव्हा मी दुकानात एकटी होते. आधी खूप हसले. मग रडले. मग एका गणवेशाची बाही उलटी जोडली.

दिवसभर वाटत होतं, राहू दे असंच. ते लेखक होते असंच तुम्ही समजा. गेलेल्या माणसाला मान मिळाला तर कुणाचं काय जातं? पण त्यांनाच ते आवडलं नसतं. त्यांना दुसऱ्याची छत्रीसुद्धा घरी ठेवून घेता यायची नाही.

ते नव्हते, जाऊबाई. मी होते.

तुम्हाला आठवत असेल, दुपारी सगळी आडवी झाली की मी खिडकीशी मशीनवर बसायचे. मशीन चालू आहे असं वाटावं म्हणून मधूनमधून पायाने चाक फिरवायचे आणि लिहायचे. कागद विकत आणला तर घरात विचारतील, म्हणून हे छापखान्यातून पुस्तकांच्या कडा कापून उरलेल्या पट्ट्या आणायचे. चार बोटं रुंदीच्या. माझी वाक्यं आखूड का, तर पट्टी संपायची म्हणून.

पहिली कादंबरी झाली तेव्हा हेच ती घेऊन मालकांकडे गेले. ते म्हणाले, "खुनाच्या पुस्तकावर बाईचं नाव? लोक शिवणकामाचं समजून परत आणून देतील." घरी येऊन हे मला म्हणाले, "आपण 'पाहुणा' घालू. आपल्या घरात पाहुण्याला कुणी काही विचारत नाही." छापून आलं की स्वतः शिवायचे. माझ्या पुस्तकाला दोरा दुहेरी घालायचे.

ते गेले आणि लिहिणं थांबलं. दुःखाने लिहिता येत नाही असं काही नाही. पण संध्याकाळी वाचून दाखवायला समोर माणूस नसला की मला पुढचं वाक्यच सुचत नाही. छापखानाही पुढे बंद झाला. मी म्हटलं, झालं तेवढं पुष्कळ. आणि मग तुमचं पत्र आलं, माळी म्हणे निम्म्यात कळला! त्या दिवशी जेवताना मी डोक्यात तो सगळा भाग पुन्हा लिहून काढला.

आणखी एक सांगायचंय. याखेरीजही एक पुस्तक आहे, 'त्रयस्थ' या नावाने. त्यात खून नाही, भूत नाही. मिळालं तर वाचा आणि मग मला लिहा. रागावलात तरी लिहा.

धाकटी


१८ मे

जाऊबाई,

मार्चमधल्या पत्रानंतर आणखी एक पाठवलं, तरी तुमचं उत्तर नाही. घाबरून सूनबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "आई उत्तम आहेत. आता जिने उतरतात. रोज सकाळी काठी घेऊन बसस्टँडपर्यंत चालत जातात, तिथे बाकावर बसतात आणि परत येतात. का म्हणून विचारलं तर सांगत नाहीत."

बसस्टँड ऐकलं आणि मला कळलं की तुम्ही ते पुस्तक वाचलंत.

माझं काही म्हणणं नाही. फक्त लिहा.

धाकटी


९ जून

धाकटे,

वाचलं. गाडीवालीने कुठून कुठून शोधून आणलं. कोपरे कुरतडलेले, पण शिवण शाबूत.

एक बाई आहे. मोठ्या घराची थोरली सून. तिला टेलिफोन खात्यातून दूरच्या गावी नोकरीचं बोलावणं येतं. घरात कुणाला न सांगता ती सकाळी पिशवी घेऊन निघते, बसस्टँडवर जाते, आणि संध्याकाळी त्याच पिशवीसकट परत येते. धाकटी जाऊ दारात उभी असते. थोरली म्हणते, "बाजारात गेले होते." धाकटी पिशवीकडे बघते आणि म्हणते, "हो."

त्या दिवशी तू "हो" म्हणालीस, आणि आजपर्यंत त्यावर एक शब्द नाही. मला वाटायचं तू विसरलीस.

माझं आयुष्य तू पुस्तकात घातलंस याचा राग नाही आला. खोटं कशाला बोलू, थोडी शेफारलेच. सूनबाईला म्हणणार होते, बघ, तुझी सासू छापून आलीय. पण मग शेवटचं प्रकरण वाचलं. तू लिहिलंयस की बस समोर उभी राहिली आणि तिच्या पायातलं बळ गेलं. जग मोठं होतं आणि ती लहान.

धाकटे, तू मला घाबरट केलंस.

म्हणून मी रोज बसस्टँडवर जात होते. हे खरं की खोटं, ते त्या बाकावर बसूनच ठरवायचं होतं. इतक्या वर्षांनी स्वतःचंच आठवताना माणूस सोयीचं तेवढं आठवतो. पुरतं आठवलं तेव्हाच पेन हातात घेतलं. आता ऐक.

तुझ्या लग्नाला महिनाही झाला नव्हता. त्या दिवशी सकाळी दुधाचं पातेलं उतरवताना तुझा हात मनगटापर्यंत पोळला. सासूबाईंना कळू नये म्हणून तू हात पाठीमागे धरून हसत उभी राहिलीस. मी ते पाहिलं, आणि पिशवी घेऊन निघाले. म्हटलं, आज नाही तर कधीच नाही. पाय भक्कम होते माझे. बस लागली. कंडक्टर "चला, चला" करत होता. माझा एक पाय पायरीवर होता, आणि डोक्यात आलं, संध्याकाळी हिच्या हाताला मलम कोण लावणार? भाऊजींना सांगायला ही लाजणार, आणि बाकीच्यांना दिसणार नाही. हात पिकेल.

पाय खाली घेतला. बस गेली. मग दिवस मावळेपर्यंत त्याच बाकावर बसून स्वतःला शिव्या दिल्या, मलम घेतलं आणि घरी आले. पिशवीत मलमही होतं, धाकटे. ते तू लिहिलं नाहीस. तुला माहीत कसं असणार?

हे मी कधी बोलले नाही, कारण उपकार एकदा बोलून दाखवला की तो उपकार राहत नाही, वसुली होते. आणि तुझ्यासाठी थांबले असं म्हणून मोठी व्हायचं तर पुढचंही सांगायला हवं. काही दिवसांनी पुन्हा एकदा बोलावणं आलं होतं. तेव्हा तुझा हात बरा झाला होता. तेव्हा मात्र मी घाबरले. चुलीशी बसले आणि उठलेच नाही. म्हणजे तू निम्मी बरोबर आहेस. पण निम्मं बरोबर म्हणजे चूकच. शिवणकामात चालेल का निम्मी बाही?

आणि नावं काय घेतलीस! पाहुणा, शेजारी, त्रयस्थ. सगळी बाहेरची माणसं. घरातलं कुणी लिहायला नव्हतं का?

थोरली


२० जून

जाऊबाई,

गिऱ्हाईक समोर उभं होतं. त्याला म्हटलं, उद्या या. दुकानाचं दार ओढून घेतलं आणि पत्र वाचलं.

ते मलम मला आठवतं. पिवळं, कडवट वासाचं. संध्याकाळी तुम्ही मला मोरीत ओढून नेलंत, कडी लावलीत आणि न बोलता हाताला चोपडलंत. मी समजले, घरात असेल कुठेतरी.

मी किती वर्षं तुमच्याकडे कसं बघत आले, सांगू? दयेनं. तुमच्या उशीखालचं खात्याचं पत्र मी पाहिलं होतं. वाटायचं, बिचारी जाऊबाई, निघाली होती पण धीर झाला नाही. त्या दयेतून ते पुस्तक लिहिलं. आणि ज्या हातानं लिहिलं तो हात तुम्ही राखलेला. मला दोन दिवस त्या हातानं कात्री धरवेना.

तुम्ही पहिल्या वेळचं सांगून थांबला असतात तर मी जन्मभर त्या ओझ्याखाली राहिले असते. दुसऱ्या वेळचंही सांगितलंत म्हणून श्वास घेता आला.

मी पुन्हा लिहायला बसलेय. पट्ट्यांवर नाही, चांगल्या पूर्ण कागदांवर. वाक्यं लांब व्हायला लागलीत, मला सवय नाही, मध्येच कुठे जातेय ते विसरायला होतं. पाय पायरीवर आहे तिथपासून सुरुवात केलीय. मलम घालते. चूलही घालते, तुमची परवानगी असेल तर. कुणी छापेल की नाही माहीत नाही. छापलं तर नाव माझंच असेल.

धाकटी


१ जुलै

धाकटे,

परवानगी कसली मागतेस, मी काय इन्स्पेक्टर आहे? चूल घाल, भीती घाल, सगळं घाल. फक्त मला थोडी उंच कर. खरी उंची कोण मोजायला येतंय.

गाडीवालीला सगळं सांगितलं. ती पोतं टाकावं तशी मटकन खालीच बसली. म्हणते, महिनाअखेरच्या गुरुवारी गाडीशेजारी खुर्च्या मांडू, लोकांना बोलावू. पानं घेऊन ये. वाचीन मी. तू वाचलंस तर मला ऐकू येणार नाही, आणि माझ्याच गोष्टीत मी बहिरी बसायला तयार नाही.

ये.

थोरली


३० जुलै

जाऊबाई,

सुखरूप पोचले. दुकानाच्या दाराशी दोन आया वाट बघत उभ्या होत्या. त्यांना काय सांगू, काल मी कुठे होते!

तुम्ही वाचायला उभ्या राहिलात तेव्हा मी पदराच्या घड्या घालत बसले होते. सूनबाई अर्ध्या दिवसाची सुटी काढून आल्या होत्या. लिफ्ट दुरुस्त करायला आलेला माणूससुद्धा हत्यारांची पेटी मांडीवर घेऊन मागे बसला होता. आणि तुम्ही काय आवाज लावलात! स्वतःला ऐकू यावं म्हणून माणूस किती मोठ्यानं वाचतो! दुसऱ्या मजल्यावरच्या खिडक्या उघडल्या. बस निघून जाते त्या ओळीवर तुम्ही थांबलात, चष्मा काढलात, पुसलात, पुन्हा घातलात. मी लिहिलेलं ऐकताना माणसांचे चेहरे कसे होतात हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. यांचा एकट्याचा चेहरा काय तो मला माहीत होता.

मग गाडीवाल्या बाईंनी विचारलं, "ओळखा पाहू, कुणाचं आहे?" आणि तुम्ही माझ्याकडे बोट दाखवून म्हणालात, "हिचं. ही माझी जाऊ." सगळ्या माना वळल्या. मला कुठे बघावं कळेना. गणवेश बेतताना मी लोकांच्या खांद्यांकडे बघते, डोळ्यांकडे बघायची सवयच नाही.

तेवढ्यात मागून त्या लिफ्टवाल्याने विचारलं, "बस गेल्याचं त्या बाईला पुढे कधी वाईट वाटलं का हो?" त्याला बिचाऱ्याला काय माहीत, ती बाई कागद हातात धरून त्याच्यापुढेच उभी आहे!

आपण दोघींनी एकदमच उत्तर दिलं. मी म्हणाले, "हो." तुम्ही म्हणालात, "नाही." लोक हसले. तुम्हाला मी काय म्हणाले ते ऐकू आलं नव्हतं, तुम्ही सूनबाईंना विचारून घेतलंत. आणि मग माझ्याकडे इतका वेळ बघत राहिलात की मला वाटलं, आता रागावणार. पण तुम्ही त्या माणसाला म्हणालात, "ही म्हणते तेही लिहून घ्या."

परतीच्या बसमध्ये मला खिडकीची जागा मिळाली. पर्समधून कागद काढला आणि तुमचं "नाही" आणि माझं "हो", दोन्ही ज्यात मावतील असं प्रकरण लिहायला घेतलं. बस हलत होती, अक्षर वेडंवाकडं आलंय, तरी सोबत पाठवतेय. कंडक्टर समोर येऊन उभा राहिला आणि त्याने विचारलं, "कुठे जायचंय?" मला चटकन सांगताच आलं नाही. वाक्य अर्ध्यात होतं.

तुमची,
धाकटी